पॉवर स्टेअरिंगचा पंप ओरडतोय? आधी हवा शोधा

साताऱ्यातून कासला निघालं की समर्थ मंदिराच्या पुढं यवतेश्वरचा घाट सुरू होतो. चढाची वळणं, गाडी दुसऱ्या गिअरला, इंजिनची रेस कमी आणि स्टेअरिंग मात्र भरपूर फिरवायचं. गावात आठवडाभर गप्प असलेला स्टेअरिंग पंप नेमका इथं बोलायला लागतो. माझ्या जुन्या डिझेल गाडीचा आवाज मी पहिल्यांदा याच घाटात ऐकला. डावीकडं वळवलं की बोनेटखालून कुणी कण्हतंय असा आवाज यायचा आणि स्टेअरिंग सरळ केलं की तो विरायचा.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. दोन मिनिटं ऐकून त्यांनी पंप गेल्याचं सांगितलं. पंप बदलला, चांगले पैसे गेले आणि पुढच्याच रविवारी त्याच वळणावर तोच आवाज परत. मग ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. इंजिन चालू ठेवलं, बोटावर ग्रीस घेतलं आणि टाकीकडून येणारा जाड रबरी पाईप पंपाच्या नळीवर जिथं बसतो, त्या सांध्याभोवती गोल लेप दिला. बघता बघता आवाज निम्म्यावर आला. "पंपाला दम लागत होता, हवा पीत होता," एवढंच म्हणाले. वीतभर नवा पाईप आणि दोन क्लिपा, इतक्यावर काम मिटलं.

नवीन गाडी घेतलेल्या, किंवा जुनी गाडी घेऊन नुकतंच बोनेट उघडायला शिकलेल्या माणसाला हे सगळं कुणी नीट सांगत नाही. म्हणून तपासायचा क्रम सविस्तर लिहितो आहे. पंपाचा आवाज येतो तेव्हा पुष्कळदा तेल कमी असतं किंवा तेलात हवा मिसळलेली असते. पंप बदलणं ही शेवटची पायरी आहे.

गाडीत पंप आहे का, ते आधी बघा

आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत, म्हणजे स्विफ्ट, वॅगन आर वगैरेंत, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असतं. त्यात मोटर मदत करते. तेल नाही, पंप नाही. अशा गाडीच्या स्टेअरिंगला आवाज असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. बोलेरो, सुमो, क्वालिस, टवेरा, जुनी इनोव्हा या गाड्यांत तेलावर चालणारं हायड्रॉलिक स्टेअरिंग येतं. ओळख सोपी आहे: बोनेटखाली एक छोटी टाकी असते, तिच्या झाकणावर स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र असतं आणि तिच्यातून दोन पाईप निघतात. जाड पाईप पंपाकडं तेल नेतो, दुसऱ्यातून रॅककडचं किंवा स्टेअरिंग बॉक्सचं, म्हणजे चाकं वळवणाऱ्या यंत्रणेचं, तेल परत येतं. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टेअरिंग वेगळ्या पद्धतीचं असतं, त्याचं तेलही वेगळं. इथल्या पायऱ्या तिकडं लावू नका.

पंपाच्या पोटात काय चालतं हे थोडं समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. आत एक रोटर असतो, त्याच्या खाचांत पातळ पोलादी पाती असतात. इंजिनच्या पट्ट्यावर रोटर फिरला की पाती बाहेर सरकतात आणि लांबट गोल भिंतीला चिकटून फिरतात. एका अंगानं तेल ओढायचं, दुसऱ्या अंगानं दाबून पुढं ढकलायचं. पूर्ण कट मारल्यावर, म्हणजे स्टेअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर, हा दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत जातो. कारच्या टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो, त्यावरून ताकदीचा अंदाज घ्या.

आता यातली खरी मेख. पंपाच्या दाबणाऱ्या बाजूला कुठं फट पडली तर तेल बाहेर गळतं आणि डोळ्यांना दिसतं. ओढणाऱ्या बाजूला मात्र दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथं फट पडली की इंजिन चालू असताना तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते. पाईप बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि आत पंप तेलाबरोबर बुडबुडे गिळत असतो. दाबाखाली ते बुडबुडे फुटतात, पाती भिंतीवर नीट टेकत नाहीत, आणि आपल्याला कण्हणं ऐकू येतं. माझ्या गाडीत पहिल्या गॅरेजवाल्यांचं नेमकं इथं चुकलं. गळती दिसली नाही म्हणून पाईप चांगला समजला गेला.

आवाज कसला आहे

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, इंजिन चालू. शेजारी कुणाला तरी स्टेअरिंगवर बसवा आणि तुम्ही बोनेटजवळ उभे राहा. शर्टाची बाही, ओढणी, उपरणं, काहीही लोंबतं नको. पंखा आणि पट्टा कुणाचीही गय करत नाहीत.

रेस वाढवली की चढणारं आणि स्टेअरिंग वळवलं की आणखी वाढणारं कण्हणं असेल, तर तेल किंवा हवा. थंड इंजिनला सकाळी पट्टा 'चीऽऽ' करून ओरडला, किंवा पूर्ण कट मारताना तसा ओरडला, तर पट्टा घसरतोय. स्टेअरिंग वळवा नाहीतर सरळ ठेवा, सारखी घरघर चालूच असेल तर कुठलं तरी बेअरिंग, आणि ते पंपाचंच असेल असं नाही. वळवताना 'खट्ट' असा एकच ठोका येत असेल तर पंपाचा नाद सोडा. चाकाकडचे सांधे, म्हणजे टायरॉड, बॉलजॉइंट, शॉकअपचं वरचं माउंट किंवा स्टेअरिंग कॉलमचा जॉइंट बघा.

पूर्ण कटला नेल्यावर येणारा 'स्स्स' असा फुसकारा मात्र बहुतेक गाड्यांत असतोच. दाब हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून पंपातला व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. त्याची काळजी करू नका, पण स्टेअरिंग तिथं पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. पोवई नाक्यावर गर्दीत गाडी लावताना मी रोज लोकांना कट दाबून धरलेला बघतो. तेवढ्यात तेल तापतं आणि पंप झिजतो. कटाला पोहोचलात की बोटभर मागं घ्या.

हिवाळ्यात महाबळेश्वर, पाचगणीला गाडी रात्रभर बाहेर राहिली आणि पहाटे पहिली दोन-तीन मिनिटंच पंप कण्हला, तर तेल गार पडून घट्ट झालेलं असतं. दरवर्षी असं होत असेल तर तेल जुनं झालंय किंवा टाकीतली जाळी तुंबायला लागलीय असं समजा.

टाकीत डोकवा

इंजिन बंद. टाकीचं झाकण उघडण्याआधी ओल्या फडक्यानं चहूबाजूंनी पुसा. कासच्या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांवर जांभ्याची तांबडी धूळ बसते, आणि त्यातली चिमूटभर जरी आत पडली तरी पातींना ती कानसेसारखी लागते. काही टाक्यांच्या झाकणाला पट्टी असते, काहींवर बाहेरूनच खुणा दिसतात. गार इंजिन आणि गरम इंजिन अशा दोन खुणा असतील तर आपली कुठली ती बघून पातळी ठरवा.

पातळी कमी असेल तर तेल गेलं कुठं, हे शोधल्याशिवाय भरून मोकळं होऊ नका. ही बंद व्यवस्था आहे, इथलं तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे गळलं.

थोडं तेल पांढऱ्या कागदावर टिपून घ्या. स्वच्छ तेल लालसर आणि पारदर्शक दिसतं, काही गाड्यांत रंग हिरवा किंवा फिकट पिवळा असतो. काळपट आणि जळका वास म्हणजे तेल म्हातारं झालं. गुलाबी, ताकासारखं गढूळ आणि थोड्या वेळानं निवळणारं म्हणजे हवा. रात्रभर ठेवूनही निवळलं नाही तर आत पाणी गेलंय. आणि टॉर्च मारल्यावर कागदावर चांदीसारखी चमक दिसली तर धातू झिजतोय. मग पंप खरोखरच संपत आलेला आहे.

तेल कुठलं भरायचं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना डेक्सरॉन दर्जाचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, काही युरोपीय गाड्यांना हिरवं वेगळं तेल लागतं आणि ती दोन्ही एकमेकांत मिसळायची नसतात. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. त्यानं स्टेअरिंगची रबरी सीलं फुगतात, मऊ पडतात आणि पंपापासून रॅकपर्यंत सगळं गळायला लागतं. टाक्या शेजारी शेजारी असल्या की ही चूक घाईत होते, म्हणून झाकणावरचं चित्र दोनदा बघा.

हवा कुठून शिरते

इंजिन चालू करून झाकण उघडं ठेवा आणि टॉर्चनं टाकीत बघा. कुणीतरी स्टेअरिंग हळू डावी-उजवी करू दे. फेस येत असेल, बारीक बुडबुडे फिरताना दिसत असतील, तर हवा नक्की. आता टाकीपासून पंपापर्यंतचा जाड पाईप हातानं चाचपा, पण इंजिन बंद करून. रबर कडक झालंय का? वाकवल्यावर भेगा उघडतात का? क्लिपखाली पाईप चपटा झालाय का? स्प्रिंगची क्लिप ढिली पडली असेल तर ती स्क्रूच्या क्लिपनं बदला, मात्र ती पिळून पाईप कापू नका. आतून मऊ पडलेला पाईप ओढ बसली की मिटतो आणि पंप उपाशी राहतो, हेही लक्षात ठेवा.

ग्रीसची युक्ती वर सांगितलीच. पट्ट्यापासून लांब असलेल्या सांध्यांवर, एकेक करून, घट्ट ग्रीस लावा आणि प्रत्येक वेळी ऐका. ज्या सांध्यावर आवाज किंवा फेस कमी झाला तो आपला चोर. ती नळी पंपात जिथं बसते तिथं आत ओ-रिंग, म्हणजे रबराचं बारीक कडं, असते, तीही वाळून हवा सोडते. किंमत अगदी किरकोळ, त्रास मोठा. पुलीमागचं शाफ्ट सील गेलं असेल तरी हवा जाते, पण त्यासाठी पंप उतरवावाच लागतो.

दाबाच्या बाजूचा पाईप ओला दिसला तर इंजिन चालू असताना त्याच्यावरून बोट फिरवू नका. इतक्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते. पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरा, डाग पडेल. हेच तेल तापलेल्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर ठिबकलं तर पेट घेऊ शकतं, त्यामुळं ही गळती दुरुस्त केल्याशिवाय घाट चढू नका. हा पाईप कुठं बॉडीला टेकलेला नाही ना, तेही बघा. टेकला की त्याची थरथर पत्र्यातून घुमते आणि माणूस पंपाला दोष देत बसतो.

पट्टा

इंजिन बंद करून पट्ट्याच्या दोन पुल्यांमधल्या भागावर अंगठ्यानं दाबा. व्ही आकाराचा पट्टा साधारण सेंटीमीटरभर दबला तर ठीक. नेमकं माप पुस्तकात असतं. आतली बाजू उलटून बघा: आरशासारखी चकचकीत झाली असेल, भेगा पडल्या असतील, तेल लागलं असेल तर पट्टा बदला. तेल लागलेला पट्टा पुसून परत चालत नाही.

पाण्याची चाचणी चांगली आहे. इंजिन चालू असताना लांबून पट्ट्याच्या धारेच्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पावसाळ्यात बामणोलीच्या रस्त्यावर डबक्यातून गेल्यावर पट्टा ओरडतो आणि वाळल्यावर गप्प बसतो, तो ताण तपासायचाच इशारा आहे. आवाज थांबावा म्हणून ताण वाजवीपेक्षा जास्त करू नका, पंपाचं आणि आल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं) बेअरिंग त्यानंच मरतं.

घरघर कुणाची हे ठरवायला लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या. टोक पंपाच्या बॉडीवर, मूठ कानापुढच्या हाडाला. मग आल्टरनेटर, मग टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी पुली. जिथं खरखर थेट डोक्यात उतरते ते बेअरिंग खराब. हातपाय आणि अवजार पंख्यापासून लांब राहतील याची खात्री नसेल तर हे मिस्त्रींवर सोडा. जुन्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या पाठीलाच असतो, त्याचा आवाजही फसवतो. सगळ्यात पक्की खात्री पट्टा उतरवून होते: इंजिन काही सेकंद चालवा, आवाज गेला तर पट्ट्यावरच्याच कुणाचा तरी आहे. मग बंद करून एकेक पुली हातानं फिरवा आणि हलवा. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल तर इंजिन मिनिटभरसुद्धा चालवू नका.

तेल बदला, मग हवा काढा

दोन लिटर तेल आणा. गाडीत लिटरभराच्या आसपास मावतं, बाकी धुवायला लागतं. पुढची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा. विटांवर गाडी ठेवून खाली वाकलेला माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. वीट एकाएकी फुटते. स्टँड नसतील तर भाड्यानं आणा.

टाकीकडं परत येणारा बारीक पाईप काढून बाटलीत सोडा आणि टाकीचं ते तोंड बुचानं बंद करा. इंजिन बंदच ठेवून दुसऱ्यानं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, तुम्ही वरून नवं तेल ओतत राहायचं. बाटलीत स्वच्छ तेल यायला लागलं की थांबा. टाकीच्या तळाशी जाळी असते. टाकी सुटत असेल तर काढून केरोसीननं धुवा, पूर्ण वाळवा. जाळी साफ होत नसेल तर नवी टाकी घ्या. तुंबलेल्या जाळीनं नवा पंपही उपाशी राहून ओरडतो.

पाईप परत जोडून झाला की हवा अशी काढा:

१. टाकी खुणेपर्यंत भरा, झाकण उघडं ठेवा, इंजिन बंद.
२. स्टेअरिंग अगदी हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. पातळी उतरेल, भरत राहा. टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका.
३. दहा मिनिटं थांबा. बुडबुडे वर येतील.
४. इंजिन चालू करा, रेस देऊ नका. पुन्हा हळू डावी-उजवी करा, टोकाला दाबून धरू नका.
५. फेस दिसला तर लगेच बंद करा आणि तासभर तसंच राहू द्या. मग परत सुरू करा.
६. फेस येणं थांबलं, आवाज गेला की गाडी खाली घ्या, पातळी शेवटची बघा, झाकण लावा.

तिसऱ्या आणि पाचव्या पायरीला लोक घाई करतात. हवा तेलात दळली गेली की तिला बाहेर यायला वेळ लागतो. तो दिलाच पाहिजे. गळती थांबवतो म्हणून बाजारात मिळणाऱ्या बाटल्या मी टाकत नाही. सील मऊ करून त्या थोडे दिवस ढकलतात, मग दुखणं वाढतं.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. आपल्या गटारांचा शेवट कृष्णा-वेण्णेतच होतो. बाटलीत भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडचं जुनं तेल पुनर्वापर करणारे नोंदणीकृत लोक घेऊन जातात.

पंपच गेला असेल तर

तेलात धातूची चमक, पुलीला हातानं हलवल्यावर खेळ, हवा काढूनही न जाणारी घरघर, रेस कमी असताना स्टेअरिंग जड, यांतलं एकाहून जास्त दिसलं तर पंप उतरवायचा. नुसतं सील गेलं असेल तर सील किट टाकून पंप परत चालतो. पाती आणि भिंत ओरखडली असेल तर नवा घ्या. पुली बऱ्याच पंपांवर दाबून बसवलेली असते. ती पुलरनंच, म्हणजे पुली ओढून काढायच्या अवजारानंच काढायची आणि दाबून बसवायच्या अवजारानंच बसवायची. हातोडीचा एक ठोका शाफ्टमधून थेट रोटरला लागतो आणि नवा पंप पहिल्याच दिवशी आवाज करतो. ही अवजारं नसतील तर पंप आणि पुली घेऊन सरळ लेथवाल्याकडं जा.

नवा पंप लावण्याआधी सगळी लाइन धुवा, नाहीतर जुन्या पंपाचा धातू नव्याच्या पोटात जाईल. दाबाच्या पाईपाच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर आणि ओ-रिंगा नव्याच टाका. पट्टा चढवण्याआधी टाकी भरून पुली हातानं फिरवा, पंपात तेल उतरू द्या. कोरडा पंप इंजिनवर फिरवला तर काही सेकंदांत त्याला इजा होते. मग वरच्या सहा पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून.

काम झाल्यावर रात्री पंपाखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर लाल थेंब नसेल आणि पातळी खुणेवरच असेल, तर काच खाली करून, रेडिओ बंद ठेवून यवतेश्वर चढून या. वळणावर इंजिनचा आवाज तेवढा ऐकू आला पाहिजे.